विहिरीवरच्या स्टार्टरला आठवतं

मोर्शीकडच्या कुठल्याही संत्र्याच्या बगिच्यात जा, विहिरीवर मोटारीचा स्टार्टर दिसेल. हिरवं बटण दाबलं, खट्ट झालं, मोटार सुरू. आता जरा थांबा. बोट तर तुम्ही लगेच उचललं आणि बटणही स्प्रिंगने जागेवर आलं. मग मोटार चालू कशी राहिली? तुम्ही बटण दाबलं होतं, हे आता कोणाच्या लक्षात आहे?

स्टार्टरच्या! आत तारेचं एक वेटोळं असतं. बटण दाबताच त्यातून करंट जातो, त्याचं लोहचुंबक होतं आणि ते पट्ट्या खेचून मोटारीला वीज जोडतं. त्याच झटक्यात ते आणखी एक छोटी पट्टी खेचतं, आणि गंमत अशी की ही पट्टी त्या वेटोळ्यालाच करंट पुरवते. म्हणजे चुंबक स्वतःच स्वतःला धरून बसतं! लाल बटणाने साखळी तोडेपर्यंत सुटत नाही. ‘चालू’ की ‘बंद’, एवढी एकच गोष्ट हा डबा लक्षात ठेवतो. कॉम्प्युटरवाले तिला एक बिट म्हणतात. आणि लाइन गेली की? विसरतो. कॉम्प्युटरची रॅमही तशीच विसरते. मध्यरात्री लाइन आली की वावरात धावायला नको म्हणून शेतकरी ऑटो स्विच लावतात, तो या विसराळूपणावरचाच उतारा. (झाकण उघडून खात्री करायला मात्र जाऊ नका. आतल्या चारशे चाळीस व्होल्टला विसरण्याची सवय नाही.)

स्मरण झालं. पण विचार? तारांना विचार करता येतो?

डीपीवर लाइन आहे आणि स्टार्टर लागलेला आहे, तरच पाणी पडतं. हा झाला ‘आणि’. घराला दोन दारं, दोन बटणं, बेल एकच: पुढून दाबा किंवा मागून, वाजणारच. हा ‘किंवा’. आणि लाइन नसेल तेव्हाच पेटणारा इमर्जन्सी लाइट म्हणजे चक्क ‘नाही’. अशा जोडणीला लॉजिक गेट म्हणतात. मोर्शीकरांना गेट म्हटलं की सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे तेरा दरवाजे आठवतील. आठवू द्या, कल्पना तीच आहे. तिथे पाणी अडतं-सुटतं, इथे वीज. फरक एकच, पण जबरदस्त: धरणाचे दरवाजे माणूस उघडतो, इथे एका गेटमधून सुटलेली वीजच पुढच्या गेटचा दरवाजा उघडते.

आता जिन्याच्या दिव्याकडे या. खाली एक बटण, वर एक. खालून लावा, वरून घालवा. कधी नीट पाहिलंत? दोन्ही बटणं एकसारखी असली की दिवा बंद, वेगवेगळी असली की चालू. (काही घरांत याच्या उलट, इलेक्ट्रिशियनने तारा जशा जोडल्या तसं.) ही साधी सोय आहे असं वाटतं ना? मग शून्य आणि एक, एवढेच अंक असलेली बेरीज करून बघा. शून्य नि शून्य, शून्य. एक नि शून्य, एक. एक नि एक? दोन हा अंकच नाही, म्हणून खाली शून्य आणि हातचा एक. खाली मांडलेला अंक कसा वागला? दोघं वेगळे असतील तरच एक, म्हणजे हुबेहूब जिन्याचा दिवा! आणि हातचा? दोन्हीकडे एक असेल तेव्हाच येतो. तो आपला पंपाचा ‘आणि’.

जिन्याचा दिवा आणि पंप शेजारी ठेवले, आणि हातच्याची बेरीज झाली! गणित म्हणजे काय, याचा पत्ता नसलेल्या तारांनी केली. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा उगाचच चार वेळा जिना चढून-उतरून दिवा लावून पाहावासा वाटला.

एका जोडीचा हातचा पुढच्या जोडीला द्यायचा, की कितीही लांबीचे आकडे मिळवता येतात. वजाबाकी आणि गुणाकार ही बेरजेचीच नातवंडं. आकडे ठेवायला स्टार्टरांच्या रांगा, सगळ्यांना एका तालात चालवायला ठोके देणारं घड्याळ. बाकी उरते ती चिकाटी.

‘आणि, किंवा, नाही’ यांचं बीजगणित जॉर्ज बूलने १८४७ आणि १८५४ मध्ये मांडलं. त्याची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. भारताच्या मोजणीचं काम करता करता लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, आणि ते काम ज्याच्याकडे आलं तोच हा एव्हरेस्ट. बूलच्या डोक्यात वीज कुठेच नव्हती. १९३७ मध्ये एकवीस वर्षांच्या क्लॉड शॅननने आपल्या प्रबंधात दाखवलं, की टेलिफोनच्या रिलेंची जोडणी बूलच्या बीजगणिताने मांडता येते. रिले म्हणजे स्टार्टरचा धाकटा भाऊ.

त्याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. ‘आणि’च्या शेपटीला ‘नाही’ जोडा. या गेटला नॅण्ड म्हणतात, आणि केवळ तेवढ्यातून बाकी सगळी गेटं बनतात! एकाच क्रियेतून सगळं तर्कशास्त्र उभं राहतं, हे हेन्री शेफरने १९१३ मध्ये दाखवलं होतं. नॅण्डचा जुळा भाऊ नॉर, म्हणजे ‘किंवा’च्या शेपटीला ‘नाही’. अपोलो यानाला चंद्रावर नेणारा कॉम्प्युटर सुमारे ५,६०० नॉर गेटांचा होता. दुसरं गेटच नाही!

आपल्याकडे कॉम्प्युटर बांधण्याचा हा उद्योग मुंबईत झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने ‘टिफ्रॅक’ बांधला, तो १९६० मध्ये कामाला लागला. २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रेझिस्टर. स्मृती २,०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा, म्हणजे एकूण ८१,९२० बिट. इतके स्टार्टर मांडायला किती वावर लागलं असतं? त्यांनी फेराइटच्या बारीक कड्या वापरल्या, ज्या लाइन गेली तरी विसरत नाहीत. सकाळी फोनवर येणारं सुप्रभातचं एक चित्र त्या सगळ्या स्मृतीत मावणार नाही. तरी ते यंत्र १९६५ पर्यंत चाललं. पुढे १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तो अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली.

आज बऱ्या फोनच्या चिपमध्ये हजार कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ७४०० क्रमांकाची चिप मागा. चौदा पायांच्या त्या काळ्या किड्यात चार नॅण्ड असतात, आणि जिन्याचा दिवा बनवायला बरोबर चारच लागतात.