सत्तरीतला कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट

कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच. पेशींची आवरणं, पित्तरस, काही संप्रेरकं त्याशिवाय तयार होत नाहीत आणि त्याचा मोठा वाटा यकृतच बनवतं. त्यातलं एलडीएल वाढलं की ते वर्षानुवर्षं धमन्यांच्या भिंतीत साठत जातं. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावर ही वाढ ठळक होते. थायरॉइड मंदावल्यानेही आकडा चढतो, म्हणून ती तपासणीही करून घ्यावी.

भारतीयांची अडचण जराशी वेगळी आहे. महाराष्ट्राचाही समावेश असलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत (२०१४) एलडीएल वाढलेले ११.८ टक्के होते, तर 'चांगलं' एचडीएल कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के. त्यामुळे 'टोटल' आकडा नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहणं चूक. ट्रायग्लिसराइडसह पूर्ण लिपिड प्रोफाइल पाहावं.

भाईंदर पश्चिमेच्या राई, मुर्धा, मोर्वा या उत्तन रस्त्यावरच्या गावांत भात आणि मासळी हे रोजचं जेवण. रिपोर्ट बिघडला की घरात पहिली कुऱ्हाड कोळंबीवर पडते. ती बहुधा चुकीच्या जागी पडते. कोळंबीत कोलेस्टेरॉल असतं, पण संपृक्त चरबी अगदी कमी; आणि बहुतेकांच्या रक्तातलं एलडीएल वाढवते ती ही चरबीच. ती तूप, वनस्पती तूप, पाम तेल, नारळाचं घट्ट दूध यांत असते. बांगडा, तारली तर ट्रायग्लिसराइडच्या दृष्टीने उपयोगीच. जपायचं ते तळण्याला आणि खारवलेल्या मासळीला, कारण मीठ रक्तदाब वाढवतं. अशी मासळी भिजत घालून दोन-तीनदा पाणी बदललं की बरंच मीठ निघून जातं. म्हातारपणी स्नायू झिजतात. अशा वेळी प्रथिनांचं ताट रिकामं करणं जास्त घातक.

औषधाचं काय? ७० ते ८२ वयोगटावरच्या 'प्रॉस्पर' चाचणीत (२००२) स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीमुळे हृदयविकाराचे मृत्यू घटले. हार्ट अटॅक किंवा अर्धांगवायू होऊन गेलेल्यांना वय झालं तरी गोळीचा फायदा असतो. पंचाहत्तरीनंतर, हृदयविकार नसताना ती नव्याने सुरू करायची का, हे मात्र मधुमेह, मूत्रपिंड, इतर गोळ्या आणि एकूण ताकद पाहूनच ठरवावं लागतं. अतिवृद्धांमध्ये कमी कोलेस्टेरॉल आणि जास्त मृत्यू यांचा संबंध दिसतो, पण तिथे बहुधा आजारपणानेच आकडा खाली आणलेला असतो. खाणं न बदलता आकडा आणि वजन दोन्ही घसरू लागले, तर आनंद न मानता डॉक्टरांना दाखवावं. पाय दुखतात म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. डोस कमी करता येतो, गोळी बदलताही येते.