गच्चीवरचे डांगर
(घरच्या हरितगृहात लहान खरबुजांची लागवड व निगा)

उन्हाळ्याची चाहूल लागली की खरबुजाची आठवण होते. आम्हा विदर्भातल्या लोकांचे हे डांगर. नदीचे पाणी ओसरले की वाळूत चर खणायचे, त्यात शेणखत भरायचे आणि बी टोकायचे, अशी डांगरवाडीची जुनी रीत आहे. माझ्या आईचे बालपण वैनगंगेकाठी अशाच वाड्यांच्या शेजारी गेले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिचे गावी जाणे थांबले, तेव्हा नागपुरातील आमच्या घराच्या गच्चीवरच चार वेल लावावेत असे मनात आले. मी बँकेतला कारकून, शिक्षण कला शाखेचे. शेतीचा अनुभव शून्य! साहजिकच पहिले दोन हंगाम वाया गेले. ते का वाया गेले हे वाचकांना कळावे, म्हणजे त्यांचा तरी खर्च वाचेल, या हेतूने हे चार शब्द.

हरितगृह कशासाठी?

खरबुजाला ऊब हवी असते. दिवसा २५ ते ३० अंश आणि रात्री १८ अंशांच्या आसपास तापमान असले की वेल जोमाने वाढतो. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री याहून बऱ्याच थंड असतात. प्लॅस्टिकच्या छपरातून सूर्यप्रकाश आत येतो, पण तापलेली हवा सहज बाहेर जात नाही. त्यामुळे बी लवकर लावता येते आणि एप्रिलचे कडक ऊन सुरू होताना फळ हाती येते. ही कल्पना नवी नाही. रोमचा सम्राट तिबेरिअस याच्यासाठी चाकांवरच्या वाफ्यांत फळे वाढवीत आणि थंडीत ते वाफे पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली ठेवीत, असे प्लिनीने लिहून ठेवले आहे. ही फळे काकडी नसून खरबुजाच्याच जातीची असावीत, असे काही वनस्पतिशास्त्रज्ञांचे मत आहे.

घरासाठी १० फूट लांब, ८ फूट रुंद व ७ फूट उंच सांगाडा पुरतो. बांबू किंवा लोखंडी नळ्या, त्यावर २०० मायक्रॉनचे अतिनील किरणांना टिकणारे प्लॅस्टिक आणि बाजूंना बारीक जाळी एवढे साहित्य लागते. बाजूचे प्लॅस्टिक गुंडाळून वर करता आले पाहिजे. नाहीतर मार्चमध्ये त्याची भट्टी होते. सांगाडा वादळात उडणार नाही असा पक्का बांधावा आणि कुंड्या भिंतीच्या कडेने, जेथे स्लॅबला आधार आहे तेथे ठेवाव्यात.

बी आणि कुंडी

लहान फळांची जात निवडावी. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का जीत’ ही जात अर्ध्या किलोच्या आसपासचे गोड फळ देते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात छोट्या पिशव्यांत बी अर्धा इंच खोल लावावे. दोन-तीन खरी पाने आली की मुळांना धक्का न लावता रोप कुंडीत हलवावे. एका वेलाला ३० ते ४० लीटरची कुंडी हवी. पोयटा माती, कुजलेले शेणखत व थोडी वाळू भरावी आणि तळाला भोके असावीत. वेल सुतळीवर उभा चढवावा.

माशीचे काम

पहिल्या वर्षी वेल छपरापर्यंत गेले, फुलांनी बहरले, पण एकही फळ धरले नाही. मी बियाण्याला दोष देत बसलो. एके दिवशी आई कसाबसा जिना चढून वर आली, थोडा वेळ बसली आणि म्हणाली, “अरे, एक तरी माशी येते काय रे आत?”

खरे कारण तेच होते. फळमाशी अडवणारी जाळी मधमाशीलाही अडवते. खरबुजाला आधी नर फुले येतात. फळ धरणारी फुले नंतर, बहुधा बाजूच्या फांद्यांवर एकेकटी येतात आणि त्यांच्या तळाशी लवदार, इवलीशी गाठ असते. या फुलांतही पराग असतो, पण तो चिकट असल्याने आपोआप कुक्षीवर पडत नाही. म्हणून सकाळी लवकर ताजे नर फूल तोडावे, पाकळ्या काढाव्यात आणि त्यातले पराग गाठीच्या फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावेत. फूल एकच दिवस टिकते. दुपारी वेळ निघून जाते. मी बँकेत निघण्यापूर्वी दहा मिनिटे हे काम करतो.

लोभ नको

दुसऱ्या वर्षी एकेका वेलाला पाच-सहा फळे धरली. मी सगळी ठेवली. सगळी फिकी निघाली! याचे कारण असे, की फळातली साखर पानांत तयार होते. पाने तेवढीच आणि वाटेकरी जास्त, मग प्रत्येकाला तुटपुंजे मिळणारच. म्हणून बुडापासून आठ पानांपर्यंतच्या बगलफुटी काढाव्यात. फळ धरलेल्या फांदीचा शेंडा फळापुढे दोन पाने ठेवून खुडावा. फळे लिंबाएवढी झाली की वेलाला दोनच चांगली ठेवावीत. लोंबणाऱ्या फळाला कांद्याच्या जाळीदार पिशवीची झोळी करून आधार द्यावा.

पाने हीच पुंजी असल्याने ती निरोगी ठेवावीत. पाणी बुडाशी द्यावे आणि हवा खेळती ठेवावी, म्हणजे भुरी कमी येते. भुरीवर गंधक मारतात, पण खरबुजाची पाने उन्हात त्याने करपू शकतात, हे लक्षात ठेवावे. माव्यासाठी निंबोळी अर्क फवारावा. फळ वाढताना पाणी नियमित द्यावे. पिकू लागले की कमी करावे. कोरड्या कुंडीत एकदम भरपूर पाणी ओतले तर फळ तडकते.

काढणी

फूल धरल्यापासून साधारण पाच-सहा आठवड्यांत फळ तयार होते. सालीचा रंग बदलतो आणि गोड वास सुटतो. पुष्कळ जातींत देठाभोवती बारीक चीर पडते आणि हलक्या हाताने फळ सुटते. घाई करू नये. तोडल्यावर खरबूज मऊ होते, गोड होत नाही.

तिसऱ्या वर्षी चार वेलांना आठ फळे आली. पहिली फोड आईला दिली. तिने ती सावकाश खाल्ली आणि एवढेच म्हणाली, “आता झालं डांगर.” बिया मात्र तिने पुसून कागदावर वाळत घातल्या. पुढच्या जानेवारीत लावायला!