पाळी जायच्या वयात अंगावरून जास्त जातंय?

ताईंनो, बैठकीत हप्त्याचं बोलतो, पण हे बोलायचं राहून जातं. चाळिशीनंतर पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि आली की थांबत नाही. "या वयात व्हायचंच," म्हणून आपण अंगावर काढतो.

या वयात दर महिन्याला स्त्रीबीज तयार होत नाही. हार्मोन्सचा तोल जातो, गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं आणि एकदम जास्त रक्त जातं. कधी पिशवीतल्या गाठी, थायरॉईड, तर क्वचित कॅन्सरही कारण असतो.

दवाखान्यात कधी जायचं?
• तासाला पॅड किंवा कापड भिजतं, मोठ्या गुठळ्या पडतात
• पाळी 7 दिवसांपेक्षा जास्त चालते
• दम लागतो, चक्कर येते
• पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा डाग दिसला, तर लगेच

पाळी जाण्याच्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या नव्याने सुरू केल्या, तर पहिले 3 ते 6 महिने थोडं रक्त जाऊ शकतं. जास्त गेलं किंवा थांबलं नाही, तर डॉक्टरांना सांगा.

हिमोग्लोबिन तपासून घ्या. 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी.

कोणी लगेच "पिशवी काढा" म्हटलं, तर घाई नको. बीडच्या ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये राज्यभर गाजलं. आधी सोनोग्राफी करा, गोळ्या-औषधाने थांबेल का ते विचारा, दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या. एकटीने जायला संकोच वाटला, तर आशाताईंना किंवा गटातल्या मैत्रिणीला सोबत न्या.