सिंधूची वाटणी आणि जागतिक बँकेची तिजोरी

स्वातंत्र्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९४९ साली, सतलजेवरील भाक्रा-नांगल प्रकल्पास कर्ज मिळावे म्हणून भारत सरकारने वॉशिंग्टन येथील जागतिक बँकेकडे अर्ज केला, तेव्हा पाकिस्तानने त्यास हरकत घेतली. आणि पाकिस्तानने सिंधूच्या खालच्या अंगास कोट्री येथील बंधाऱ्यासाठी तसाच अर्ज गुदरला, तेव्हा भारताने त्याच न्यायाने त्यास विरोध केला. दोन्ही अर्ज बँकेच्या दफ्तरात अडकून पडले. सिंधू पाणीवाटप कराराचा इतिहास सांगताना या दोन रखडलेल्या अर्जांचा उल्लेख बहुधा ओझरता होतो. मला मात्र साऱ्या प्रकरणाची गुरुकिल्ली तेथेच दिसते. ज्या पाण्याच्या हक्काचा निवाडा झालेला नाही, त्या पाण्यावर उभ्या राहणाऱ्या कालव्यांसाठी कोणता सावकार रक्कम मोजील?

हक्काचा तंटा त्याआधीच पेटला होता. १ एप्रिल १९४८ रोजी, तात्पुरत्या समझोत्याची मुदत आदल्या दिवशी संपताच, पूर्व पंजाबने माधोपूर व फिरोजपूर येथून पाकिस्तानात जाणारे कालवे बंद केले. ४ मे रोजी दिल्लीत समझोता होऊन पाणी पुन्हा सुटले खरे. परंतु नदीचा उगमाकडील भाग एका राज्यात आणि तिच्यावर पोसलेली शेती दुसऱ्या राज्यात, ही फाळणीने निर्माण केलेली विपरीत स्थिती त्या समझोत्याने पालटली नाही, आणि लाहोरकडील शेतकऱ्याच्या मनात त्या महिन्याने रुजवलेले भय तर मुळीच नाहीसे झाले नाही.

टेनेसी खोरे प्राधिकरणाचे माजी अध्यक्ष डेव्हिड लिलियेंथाल १९५१ च्या आरंभी उभय देशांत फिरून गेले आणि त्यांनी एका अमेरिकी साप्ताहिकात असे सुचविले की, संपूर्ण खोऱ्याचा एकसंध विकास दोन्ही देशांनी मिळून करावा व त्यास जागतिक बँकेने अर्थसाहाय्य द्यावे. बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी ही सूचना उचलून त्याच वर्षी दोन्ही पंतप्रधानांशी पत्रव्यवहार सुरू केला. ज्या बँकेच्या जन्मवेळी, १९४४ साली ब्रेटन वुड्स येथे, भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते, ती बँक आता कर्ज देणारी पेढी एवढीच न राहता मध्यस्थाच्या आसनावर येऊन बसली.

परंतु संयुक्त विकासाची ती उदात्त कल्पना वाटाघाटींत टिकली नाही. दोन वर्षे अभियंत्यांचा घोळ चालल्यावर ५ फेब्रुवारी १९५४ रोजी बँकेनेच मसुदा पुढे केला : रावी, बियास, सतलज या पूर्वेकडील नद्या भारतास आणि सिंधू, झेलम, चिनाब या पश्चिमेकडील नद्या, म्हणजे खोऱ्याच्या प्रवाहाचा सुमारे चार पंचमांश भाग, पाकिस्तानास. खोरे एक मानण्याऐवजी नद्याच वाटून टाकण्याचा हा मार्ग राजकीय दृष्ट्या सुकर असला, तरी अत्यंत खर्चिक होता. कारण पूर्वेकडील नद्यांवर अवलंबून असलेल्या पाकिस्तानच्या कालव्यांना पश्चिमेकडील नद्यांचे पाणी आणून पोहोचविण्यासाठी जोडकालवे, बंधारे आणि धरणे नव्याने बांधणे भाग होते. हा खर्च कोणी सोसावा, याच मुद्द्यावर पुढील सहा वर्षे खर्ची पडली. ज्यास लाभ त्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व भारतास अंशतः मान्य होते; पण पाकिस्तानचा हिशेब त्याहून फार मोठा होता, आणि ती दरी तर्काने नव्हे, तर परकीय पैशाने बुजली.

१९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू व अयुबखान यांनी करारनाम्यावर सह्या केल्या, तेव्हा बँकेच्या वतीने विल्यम इलिफ यांनीही सही केली. त्याच दिवशी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांनी पाकिस्तान व बँक यांच्यासह सिंधू खोरे विकास निधीचा करार केला. सुमारे ९० कोटी डॉलरांच्या त्या योजनेत भारताचा वाटा ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड, म्हणजे तेव्हाचे सुमारे ८३ कोटी रुपये, दहा समान वार्षिक हप्त्यांत द्यावयाचा होता. लोकसभेत या रकमेवर कडाडून टीका झाली. तरीही १९६५ साली दोन्ही सैन्ये रणांगणात उतरली, त्या वर्षीही भारताने हप्ता चुकविला नाही. या वचनपालनाची आपल्याकडे फारशी वाखाणणी होत नाही, ही मला खंत वाटते.

निधीतून झेलमवर जे मंगला धरण उभे राहिले, त्याविरुद्ध भारताने १९५७ साली सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली होती, कारण ते जम्मू-काश्मीरच्या भूमीवर येत होते. करारात केवळ पाण्याच्या वापराविषयी बोलून, अन्य दाव्यांची कबुली वा त्याग यातून निष्पन्न होत नाही, असे कलम घातले गेले, म्हणूनच काम पुढे सरकले. मुत्सद्देगिरीची ही मोठी किमया खरी. परंतु धरणाच्या जलाशयाखाली जुने मीरपूर शहर व आसपासची गावे बुडाली, लाखभर माणसे विस्थापित झाली, आणि त्यांतील कित्येक कुटुंबे ब्रिटनमधील कापड-गिरण्यांच्या शहरांत जाऊन स्थायिक झाली. वाटाघाटींच्या मेजावर त्यांच्यासाठी आसन नव्हते.

सामायिक नदीवरील कामास कर्ज देण्यापूर्वी इतर किनारी राष्ट्रांना रीतसर सूचना पोहोचलीच पाहिजे, ही अट बँकेने पुढे आपल्या लेखी धोरणातच घातली. सिंधूवरील दियामेर-भाशा धरणासाठी पाकिस्तानने गेल्या दोन दशकांत जागतिक बँकेची व आशियाई विकास बँकेची दारे ठोठावली. गिलगिट-बाल्टिस्तानच्या भूमीवर भारताचा दावा असल्याने दोघींनीही हात आखडता घेतला. मे २०२० मध्ये त्या धरणाच्या बांधकामाचा ठेका पाकिस्तानने चिनी सरकारी कंपनी व आपल्या लष्कराशी संलग्न संस्था यांच्या संयुक्त उपक्रमास दिला; भारताने निषेध नोंदविला, पण या वेळी ती हरकत ऐकून तिजोरीला कुलूप घालणारा सावकार मध्ये कोणी नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हत्याकांडानंतर, भारताने करारच स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. आणि १९६० साली ज्या बँकेने कराराखाली सही केली होती, तिच्या अध्यक्षांनी आपली भूमिका सुविधा पुरविण्यापलीकडे जात नाही, असे स्पष्ट केले.