मेश जाळ्यांची परीक्षा : केंब्रिजच्या धुराड्यांपासून पालघरच्या गावांपर्यंत

अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजचे डेव्हिड कोट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक छोटी यादी केली. बिनतारी जाळ्यांवरच्या शोधनिबंधांत न बोलता गृहीत धरल्या जाणाऱ्या सहा गोष्टी त्यात होत्या. जमीन सपाट आहे. रेडिओचा पल्ला वर्तुळासारखा गोल असतो. सगळ्या रेडिओंचा पल्ला सारखा असतो. मला तुमचे ऐकू येते, म्हणजे तुम्हालाही माझे ऐकू येते. ऐकू येते, म्हणजे स्वच्छच येते. आणि सिग्नलचा जोर फक्त अंतरावर ठरतो. प्रत्यक्षात यातली एकही गोष्ट खरी नसते. तरीही या सहा गोष्टींवर विसंबून कित्येक जाळी कागदावर उभी राहिली आणि छपरावर चढताच ढासळली. मेश जाळ्यांचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यातले बहुतेक मोलाचे ज्ञान मोजमापातून आलेले आहे, असे माझे मत आहे.

मेशची मूळ कल्पना सोपी आहे. नेहमीच्या वायफायमध्ये प्रत्येक यंत्र एका राउटरशी बोलते आणि राउटर तारेने बाहेरच्या जगाशी जोडलेला असतो. मेशमध्ये प्रत्येक डबा, म्हणजे नोड, स्वतःची माहिती तर पाठवतोच, शिवाय शेजाऱ्याचीही पुढे पोहोचवतो. एक नोड बंद पडला तर माहिती दुसरी वाट शोधते. खोदकाम नको, केबल नको, मध्यवर्ती मालक नको. हे सगळे आकर्षक आहे आणि खरेही आहे. प्रश्न इतकाच की, कोणती वाट चांगली हे यंत्राने ठरवायचे कसे?

याचे उत्तर शोधायला एमआयटीच्या रॉबर्ट मॉरिस यांच्या गटाने अमेरिकेतल्या केंब्रिज शहराचाच प्रयोगशाळा म्हणून उपयोग केला. ‘रूफनेट’ हे त्या जाळ्याचे नाव. स्वयंसेवकांना एक छोटा संगणक, वायफाय कार्ड आणि चहूबाजूंनी पसरवणारी अँटेना दिली जाई. ती ते आपापल्या घराच्या छपरावर, बहुधा धुराड्याला बांधत. जागा कोणी आखून दिलेल्या नव्हत्या. तोवरच्या रिवाजाप्रमाणे कमीत कमी टप्प्यांची वाट ती चांगली, असे सॉफ्टवेअर मानत असे. पण कमी टप्पे म्हणजे लांब टप्पे आणि लांब टप्पे म्हणजे गळके टप्पे. २००३ साली या गटाने ‘ईटीएक्स’ हे माप मांडले. एक पॅकेट पोहोचवून त्याची पोच परत मिळेपर्यंत सरासरी किती वेळा पाठवावे लागेल, ते हे माप सांगते. समजा, थेट दुव्यावर जाताना निम्मी आणि येताना साठ टक्के पॅकेटे पोहोचतात. मग यशाची शक्यता तीस टक्के आणि सरासरी खर्च ३.३ प्रयत्न. मधल्या घरावरून जाणाऱ्या वाटेचे दोन्ही टप्पे दोन्ही दिशांनी नव्वद टक्के चालत असतील, तर एका टप्प्याला १.२३, म्हणजे एकूण सुमारे अडीच. दोन टप्प्यांची वाट स्वस्त पडते. गणित शाळकरी आहे, पण ते सुचायला दुवे मोजावे लागले.

पुढच्या वर्षी त्यांनी दुवेच तपासले आणि निघाले ते विचित्र होते. दुवा एकतर चालतो किंवा चालत नाही, ही समजूत खोटी ठरली. बहुतेक दुवे अधलेमधले होते, थोडे चालणारे, थोडे गळणारे. सिग्नलच्या जोरावरून गळती किती, याचा नीट अंदाजही बांधता येईना. मुख्य संशय गेला तो परावर्तनावर : एकच लहर इमारतींवर आदळून वेगवेगळ्या वाटांनी थोड्या थोड्या उशिराने पोहोचते आणि स्वतःलाच गढूळ करते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सुमारे चार चौरस किलोमीटरवर पसरलेल्या ३७ नोडांमध्ये सरासरी वेग ६२७ किलोबिट प्रतिसेकंद मिळाला. त्या काळात कोणतीही आखणी न करता हे साधणे लहान गोष्ट नव्हती.

वेगाची मर्यादा मात्र मेशच्या हाडातच आहे. एकच रेडिओ असलेला नोड एका वेळी बोलतो किंवा ऐकतो, आणि तो बोलत असताना शेजाऱ्यांना गप्प राहावे लागते. म्हणून एकामागे एक नोडांच्या लांब साखळीत उत्तम व्यवस्था असली तरी मूळ वेगाचा चौथाई हिस्साच हाती येतो. साध्या वायफायच्या नियमांनी तो सातव्या हिश्शापर्यंत घसरतो, असे एमआयटीच्याच गटाने २००१ साली संगणकीय प्रतिकृतीत दाखवले. त्याआधी २००० साली पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी इलिनॉय विद्यापीठातून सिद्धच केले होते की, नोड वाढतील तसा प्रत्येकाचा वाटा साधारण संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. शंभरपट नोड, तर प्रत्येकाला दहावा हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा कमीच. जाळे जितके मोठे तितके बळकट, ही समजूत वेगाच्या बाबतीत चालत नाही. दाटीही तितकीच घातक. रायगड जिल्ह्यातील खैरात धनगरवाड्याच्या शाळेत २००७ साली आलेले ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ योजनेचे हिरवे-पांढरे संगणक आपसांत मेश करणारे होते. जगभर ते जिथे एका खोलीत मोठ्या संख्येने एकत्र आले, तिथे एकमेकांना हाका मारण्यातच हवेचा बराच वेळ खर्ची पडू लागला. विखुरलेल्या घरांसाठी केलेली रचना वर्गात तशीच चालत नाही.

प्रतिकृतीवर विसंबण्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. २००५ साली तीन संशोधकांनी एका नामांकित परिषदेतले दीडशेच्या आसपास निबंध तपासले. त्यांतल्या प्रतिकृतींवर आधारलेल्या निबंधांपैकी पुन्हा करून पाहता येतील असे पंधरा टक्केही निघाले नाहीत. प्रतिकृती हवीच, कारण हजार नोडांची चाचणी दुसरीकडे कुठे करणार? पण तिचा निकाल हा अंदाज असतो, त्याला दाखल्याची किंमत नाही.

भारतात २.४ गिगाहर्ट्झची लहर परवान्याविना उघड्यावर वापरण्याची मोकळीक जानेवारी २००५ मध्ये मिळाली. आयआयटी कानपूरमध्ये मात्र भास्करन रामन, कामेश्वरी चेब्रोलू आणि सहकाऱ्यांचे ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ हे काम आधीच सुरू होते. (पुढे हे दोघेही आयआयटी मुंबईत आले.) कानपूर-लखनौच्या परिसरात एकेक दुवा काही किलोमीटरांचा, काही तर पस्तीस किलोमीटरांच्याही पुढचा. इथे चहूबाजूंची अँटेना निरुपयोगी. एका टॉवरवर वेगवेगळ्या गावांकडे तोंड केलेल्या अनेक अँटेना लागतात. दहा किलोमीटरच्या दुव्यात मधोमध सरळ रेषेभोवती साडेसतरा मीटर त्रिज्येचा पट्टा लहरीला लागतो आणि त्यातला निदान साठ टक्के, म्हणजे साडेदहा मीटर, मोकळा हवा. म्हणून टॉवर उंच आणि म्हणून खर्चाचा मोठा भाग टॉवरचाच. रेडिओ त्यापुढे स्वस्त. या गटाची ‘टूपी’ पद्धत मला फार आवडते. एका टॉवरवरचे सगळे रेडिओ एकाच वेळी बोलतात आणि मग एकाच वेळी ऐकतात, त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानावर आदळत नाही. अट एकच : गावांचे दोन गट पाडायचे आणि प्रत्येक दुवा या गटातून त्या गटाकडेच न्यायचा. जाळ्याचा नकाशा आणि बोलण्याचे नियम एकत्रच आखावे लागतात, हे या अटीने स्पष्ट केले.

आणि मग खरी कळीची गोष्ट समोर आली. ग्रामीण दुव्यांवर मोजणी केली, तेव्हा रूफनेटच्या उलट चित्र दिसले. सिग्नल पुरेसा असेल तर गळती कमी आणि अंदाज बांधता येण्याजोगी. जिथे गळती होती तिथे दोष बहुतांशी आसपासच्या दुसऱ्या वायफायचा. उंच टॉवर, थेट नजर, अरुंद अँटेना. तिथे परावर्तन फारसे उरतच नाही. यंत्रे त्याच जातीची, निष्कर्ष विरुद्ध, आणि दोन्ही खरे. केंब्रिजचा धडा गंगेच्या मैदानात लागू करणे चूक आणि मैदानाचा मुंबईच्या चाळीत लागू करणे तितकेच चूक. रचना करायची त्या जागीच मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

तामिळनाडूतील थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने गावोगावच्या दृष्टिकेंद्रांतल्या रुग्णांना दूरच्या डॉक्टरांशी चित्रसंवादाने जोडले, ते अशाच दुव्यांवर. बर्कलेच्या एरिक ब्रुअर यांच्या गटाने त्यासाठी वायफायचे नियम बदलले. तीस किलोमीटरवर लहर पोहोचायला शंभर मायक्रोसेकंद लागतात आणि पोच परतायला तितकेच. साधे वायफाय इतका धीर धरत नाही, पॅकेट हरवले समजून तेच पुन्हा पाठवते. पोच एकगठ्ठा घ्यायची आणि बोलण्याच्या पाळ्या ठरवायच्या, या बदलांनी वेग दोन ते पाच पट वाढला. मात्र २००८ साली याच गटाने लिहिलेला, जाळी जिवंत ठेवण्याबद्दलचा निबंध मला त्याहून मोलाचा वाटतो. यंत्रे मरत होती ती विजेमुळे. विजेचा दाब एकदम चढायचा आणि राउटरचे सर्किट-पटल जळायचे. दाब उतरायचा आणि राउटर धड चालू नाही, धड बंद नाही अशा अवस्थेत अडकायचा. दाब ठरावीक पातळीखाली गेला की पुरवठाच तोडणारे छोटे सर्किट त्यांनी बसवले आणि स्थानिक कर्मचाऱ्यांना दोष ओळखायला शिकवले.

महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या ‘ग्राम मार्ग’ गटाने वेगळी लहर निवडली. दूरदर्शनच्या वापरात नसलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या रिकाम्या जागा. कमी वारंवारतेची लहर झाडीतून बरीच बरी जाते, आणि डोंगर-झाडीच्या या मुलखात पावसाळ्यात ओल्या पानांचा जो पडदा उभा राहतो, त्यात हा फरक निर्णायक ठरू शकतो. या कामाला २०१७ साली मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले.

म्हणूनच उन्हाळ्यात उभारून दोन महिन्यांत अहवाल देणाऱ्या चाचणीला मी चाचणी मानत नाही. एक पूर्ण पावसाळा जायला हवा. सगळ्या घरांनी संध्याकाळी एकदम वापर केला तर काय होते, ते पाहायला हवे. चालू जाळ्यातला मधला नोड मुद्दाम बंद करून वाट किती सेकंदांत बदलते, ते घड्याळ लावून मोजायला हवे. वीज गेल्यावर आणि परतल्यावर किती डबे आपोआप उठतात, हेही मोजायला हवे. आणि बंद पडलेले बारकाईने लिहून ठेवायला हवे, कारण यशाचे आकडे सगळेच छापतात.

देखभालीचा प्रश्न सर्वांत नीट सोडवला तो स्पेनच्या कॅटालोनियातील ‘गुइफी’ जाळ्याने. २००४ साली ओसोना भागातल्या शेतकरी वस्तीतून सुरू झालेले हे जाळे तीस हजार नोडांच्या पुढे गेले. त्यावर धंदा करणाऱ्या कंपन्या वापराच्या प्रमाणात देखभालीचा खर्च उचलतात आणि कोणी किती गुंतवले, कोणी किती वापरले, याचा हिशेब प्रतिष्ठान ठेवते. आपल्याकडच्या योजनांत टॉवर आणि राउटर यांच्यासाठी तरतूद असते. तिसऱ्या वर्षी जळालेले पटल बदलायला टॉवरवर चढणाऱ्या गावातल्या मुलाच्या मजुरीची तरतूद त्याच अंदाजपत्रकात, पहिल्याच पानावर असली पाहिजे.