परदेशची फळे, भेटवस्तू आणि काही रूढ गैरसमज

परदेशचा प्रवास आटोपून घरी परतणाऱ्या माणसाच्या सामानात आप्तेष्टांसाठी काही ना काही असावेच, रिकाम्या हाताने उंबरठा ओलांडू नये, ही आपल्याकडची जुनी आणि मोठी सुंदर रीत आहे. आणि भेटीदाखल आणलेल्या सर्व वस्तूंत फळाचा मान निराळा, कारण ते सर्वांना वाटून खाता येते आणि ज्या मुलखात ते पिकले तेथील माती-पाण्याची चव घरी बसल्या चाखावयास मिळते. थायलंडातून रंबुतान, तुर्कस्तानातून अंजीर, न्यूझीलंडातून सफरचंदे अशी खरेदी करून माणूस उत्साहाने निघतो आणि विमानतळावर एखादा अंमलदार ती पिशवी बाजूला काढून ठेवतो, तेव्हा त्याचा हिरमोड होणे स्वाभाविक आहे. परंतु त्या हिरमोडातून जे समज पसरतात, आणि पुढच्या प्रवाशाला फळे लपवून आणण्याचा सल्ला ज्यांच्या आधारे दिला जातो, ते बहुतांशी चुकीचे आहेत, आणि त्यांची किंमत अखेर कोणत्या तरी बागायतदाराला मोजावी लागते.

पहिला आणि सर्वांत मूलभूत गैरसमज असा, की फळांवरील निर्बंध ही जकातीची बाब आहे. दोन-चार किलो फळांवर सरकार कितीसा महसूल मिळवणार, असा प्रश्न मग सहजच विचारला जातो. वस्तुस्थिती अशी, की जकात हा 1962 च्या सीमाशुल्क अधिनियमाचा विषय असून फळे, बियाणे आणि रोपे यांची तपासणी 1914 च्या विनाशकारी कीटक व पीडक अधिनियमाखाली, आणि त्या आधारे 2003 मध्ये काढलेल्या वनस्पती संगरोध आदेशानुसार होते. तिचा महसुलाशी संबंध नाही. 1906 मध्येच अमेरिकन कापसाच्या गाठींना धुरी दिल्यावाचून त्या हिंदुस्थानात घेऊ नयेत अशी तजवीज झाली होती, कारण बोंडे पोखरणारा मेक्सिकन भुंगा त्या सुमारास अमेरिकेतील कापसाचे मळे उद्ध्वस्त करीत होता. तो भुंगा हिंदुस्थानात कधीच स्थिरावला नाही, हे वऱ्हाड-खानदेशाचे भाग्य म्हटले पाहिजे. युरोपला हा धडा त्याहून आधी आणि फार महाग पडून मिळाला होता. हौसेने आणलेल्या अमेरिकन द्राक्षवेलींबरोबर फायलॉक्सेरा नावाची मुळे शोषणारी सूक्ष्म कीड फ्रान्सात शिरली, 1860 नंतरच्या दशकांत तेथील द्राक्षमळे एकामागून एक सुकत गेले, आणि त्यातूनच 1878 मध्ये बर्न येथे या एका किडीविरुद्ध अनेक राष्ट्रांनी मिळून करार केला. आजची व्यवस्था ज्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारावर उभी आहे, तो 1951 मधला.

दुसरा समज अधिक निरागस आहे, आणि म्हणूनच अधिक धोक्याचा: फळ स्वच्छ धुतलेले आहे, डाग नाही, नासलेले नाही, मग त्यात कीड असेल कशी? आपल्या आंब्याच्या कोयीत राहणाऱ्या भुंग्याचे उदाहरण येथे पाहण्याजोगे आहे. याची मादी कोवळ्या, अद्याप कोय न धरलेल्या कैरीच्या सालीवर अंडे घालते आणि शेजारीच चंद्रकोरीसारखी बारीक चीर पाडते. त्या चिरेतून पाझरलेला चीक अंड्यावर सुकून त्याचे झाकण बनतो, अंड्यातून निघालेली अळी गर ओलांडून थेट कोयीत शिरते, आणि कैरी वाढत जाते तसतशी ती जखम अशी भरून येते की पिकलेल्या, केशरी, घमघमत्या फळाच्या अंगावर आत कोणी राहत असल्याची खूण सापडणे अत्यंत दुरापास्त. खाणाऱ्यालाही त्याचा पत्ता लागत नाही, कारण गर उत्तम असतो. कोय मात्र उकिरड्यावर जाते आणि तेथून भुंगा बाहेर पडतो. फळमाशीची रीत निराळी. ती आपली सुईसारखी अंडनलिका सालीत खुपसून आत अंडी घालते, दोन दिवसांच्या आत अळ्या निघतात, गर खाऊन त्या जमिनीवर उतरतात आणि मातीत कोष करतात. अनुकूल हवेत एकच मादी आपल्या आयुष्यात हजारावर अंडी घालू शकते. तेव्हा ‘एकाच फळाने काय होते’ या प्रश्नाचे उत्तर त्या एका आकड्यातच आहे.

ही केवळ पुस्तकी भीती नाही. जानेवारी 2025 मध्ये ऑकलंडच्या पापाटोएटोए या उपनगरात, जेथे भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, सापळ्यात प्राच्य फळमाशीचा एकच नर सापडला. ही तीच माशी, जी कोकणात आंब्यावर दरवर्षी नुकसान करते. त्या एका नरासाठी सभोवतालच्या वस्तीतून ताजी फळे व भाज्या बाहेर नेण्यावर बंदी आली, परसातील फळे टाकण्यासाठी खास डबे ठेवण्यात आले, आणि आणखी माशा नाहीत याची खात्री पटेपर्यंत ते निर्बंध कित्येक आठवडे चालले. 1980 पासून 1982 पर्यंत कॅलिफोर्नियात भूमध्यसागरी फळमाशीने जो हाहाकार माजवला, त्यात तर 1981 च्या उन्हाळ्यात राहत्या वस्तीवर हेलिकॉप्टरमधून मॅलॅथिऑन मिसळलेले आमिष फवारावे लागले आणि निर्मूलनाचा खर्च दहा कोटी डॉलरच्या घरात गेला.

आता असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, की आम्ही फळ रस्त्यावरून उचलले नाही, मोठ्या दुकानातून पावतीसह घेतले, किंवा विमानातच ते आम्हाला देण्यात आले. पावती ही किमतीची साक्ष आहे, आरोग्याची नव्हे. ते फळ त्या देशात खाण्यास योग्य आहे एवढेच तिच्यावरून ठरते. 2018 मध्ये पॅरिसहून अमेरिकेस आलेल्या एका प्रवासी बाईने विमानात अल्पोपाहारात मिळालेले सफरचंद पुढच्या प्रवासात खाऊ म्हणून पिशवीत ठेवले, ते नोंदवले नाही, आणि तिला 500 डॉलर दंड झाला. दंड मला कठोर वाटतो. पण नियमात विमानातल्या फळाला वेगळी मुभा नव्हती, हेही तितकेच खरे. याच्याच जोडीचा युक्तिवाद अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींत ऐकू येतो: तेथील भारतीय दुकानांत हापूस उघड विकला जातो, मग सुटीनंतर परत जाताना आम्ही आमच्या आमराईतला नेला तर बिघडले कोठे? दुकानातल्या त्या हापुसाचा प्रवास मात्र फार वेगळा असतो. 1989 पासून अमेरिकेचे दार आपल्या आंब्याला बंद होते; ते 2007 मध्ये उघडले ते या अटीवर, की प्रत्येक पेटी किमान 400 ग्रे इतक्या मात्रेच्या विकिरणातून गेली पाहिजे. पहिल्या खेपा नाशिक जिल्ह्यातील लासलगावच्या ‘कृषक’ या केंद्रात, जे मूळ कांद्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारले होते, प्रक्रिया होऊन गेल्या. त्या विकिरणाने कोयीतला भुंगा आणि गरातली अळी यांची पुढची वाढ व प्रजनन खुंटते, फळ मात्र खाण्याजोगे राहते. रत्नागिरीहून वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेल्या डझनभर आंब्यांवर ही प्रक्रिया झालेली नसते, आणि प्रवाशाने ती घरच्या घरी करावी अशी सोयही नाही.

‘हे सारे श्रीमंत देशांनी आपला माल अडवण्यासाठी रचलेले कारस्थान आहे’ हा समज मी एका झटक्यात मोडीत काढणार नाही, कारण व्यापारात अशा नियमांचा अडसर म्हणून उपयोग झालेला नाही असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने आपला आंबा आणि त्याच्या जोडीला वांगी, कारली, पडवळ व अळू यांच्यावर बंदी घातली, तेव्हा हंगामाच्या ऐन भरात कोकणातल्या बागायतदारांचे नुकसान झाले आणि त्यांचा संताप समजण्याजोगा होता. परंतु आदल्या वर्षी आपल्याकडून गेलेल्या फळे व भाज्यांच्या 207 खेपांत कीड सापडली होती, हेही त्याच प्रकरणातले सत्य आहे. आणि आपण आपल्या बांधणीगृहांतील तपासणी सुधारल्यावर 2015 च्या आरंभी आंब्यावरील बंदी मुदतीआधीच उठली. शिवाय हा प्रवाह एकाच दिशेने वाहतो असे मानणे म्हणजे आपल्याच शेतकऱ्याकडे पाठ फिरवणे होय. दक्षिण अमेरिकेतली टुटा अ‍ॅब्सोल्युटा ही टोमॅटो पोखरणारी अळी 2006 मध्ये स्पेनमध्ये पोहोचली, तेथून देशोदेशी पसरली, आणि 2014 मध्ये भारतात तिची पहिली नोंद झाली ती पुणे परिसरात. ज्या शेतकऱ्याच्या टोमॅटोला तिने भोके पाडली, त्याला ‘क्वारंटाइन’ हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही.

इतिहासाचा दाखला देऊनही काही जण सूट मागतात. काजू, अननस, पेरू, पपई, सीताफळ, मिरची, बटाटा ही सारी परक्या खंडांतून आली, त्यांपैकी कितीतरी पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा कोणी तपासणी केली नव्हती आणि आपले भलेच झाले, असे हे म्हणणे. भले झाले हे मान्यच आहे. पण जे आले त्यातले आपण जपलेले तेवढेच आठवतो. शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या बागेत आणलेली घाणेरी आज सह्याद्रीच्या उतारांवर माजली आहे. सिंहलद्वीपात 1869 मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा दिसला आणि पुढल्या दोन दशकांत तेथील कॉफीचे मळे जाऊन त्यांच्या जागी चहा आला. गाजर गवताची गोष्ट तर आपल्या घरचीच. ते अमेरिकेच्या पीएल-480 या कायद्याखालील गव्हातून आले असे सर्रास सांगितले जाते, परंतु त्या कायद्याखालचा भारताशी पहिला करार ऑगस्ट 1956 मधला, आणि पुण्यात हे तण 1955 मध्येच वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस पडले होते. तेव्हा त्या एका करारावर सारा दोष टाकणे तारखांशी जुळत नाही.

सर्वांत हानिकारक समज मात्र असा, की फळ आहे असे सांगितले की दंड होतो, म्हणून गप्प राहावे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. बहुतेक सर्व देशांत दंड बसतो तो माहिती दडवल्याबद्दल. ज्याने नोंद केली त्याचे फळ फार तर काढून घेतले जाते, आणि पुष्कळदा तपासून परतही दिले जाते. ऑस्ट्रेलियात 2022 मध्ये बालीहून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाच्या पिशवीत न्याहारीचे मांस-अंडे घातलेले दोन पाव निघाले, ज्यांची नोंद नव्हती. इंडोनेशियात त्या वेळी गुरांचा लाळ्या-खुरकुताचा रोग पसरलेला होता, आणि त्या प्रवाशाला 2,664 ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. आपल्या देशात उतरतानाही सीमाशुल्काच्या घोषणापत्रात फळे, फुले, बियाणे व रोपे यांचा, तसेच मांस व दुग्धजन्य पदार्थांचा वेगळा प्रश्न असतो. त्याला ‘आहे’ असे उत्तर असेल तर माणसाने रेड चॅनलने जावे आणि पिशवी उघडून दाखवावी. फळे घेऊन ग्रीन चॅनलने चालत जाणे म्हणजे काही सांगण्याजोगे नाही अशी खोटी कबुली देणे होय, मग एकूण सामान शुल्कमाफीच्या मर्यादेत का असेना. नियम सर्वत्र सारखे असतात असेही समजू नये. युरोपीय संघात 14 डिसेंबर 2019 पासून प्रवाशाजवळच्या ताज्या फळांसाठीही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. अपवाद फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन यांचा.

फळांखेरीज इतर भेटींविषयी थोडक्यात सांगतो. कुटुंबातील चौघांच्या शुल्कमाफीच्या सवलती एकत्र करून एकच महागडी वस्तू आणता येते हा समज खोटा आहे; सवलत ज्याची त्याची, ती दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही. सोन्याची सवलत एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांना आणि तीही दागिन्यांपुरती आहे, नाण्यांना किंवा लगडीला नाही. किनाऱ्यावर सापडलेले प्रवाळ निर्जीव दिसते म्हणून ते मोकळे ठरत नाही. अनेक प्रवाळ व मोठे शिंपले वन्यजीवव्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट आहेत, आणि भारत 1976 पासून त्या कराराचा सदस्य आहे. आणि आखातात मुलाकडे दिवाळीचा फराळ नेणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानी धरावे, की संयुक्त अरब अमिरातीत खसखस हा निषिद्ध पदार्थ आहे, अनारशांवर लावलेलीही.

राहता राहिली रोपे आणि बियाणे. फळ न आणता चार बिया रुमालात बांधून आणल्या, किंवा गुलाबाची काडी ओल्या कापसात गुंडाळून आणली, तर ती हौस आहे, आयात नव्हे, असे बागेची आवड असलेल्या मंडळींना मनापासून वाटते. पण खाऊन संपणाऱ्या फळापेक्षा जमिनीत रुजणारी काडी अधिक धोक्याची, कारण तिच्याबरोबर आलेला रोग वर्षानुवर्षे तेथेच राहतो. म्हणून लागवडीच्या मालाला आगाऊ परवाना, निर्यात करणाऱ्या देशाचे प्रमाणपत्र आणि अनेक बाबतींत इथे आल्यावर देखरेखीखाली वेगळे वाढवण्याची अट आहे. हा मार्ग लांबचा असला तरी बंद नाही, याची साक्ष पपईच्या पिठ्या ढेकणाच्या प्रकरणात मिळते. मेक्सिकोकडची ही कीड 2008 मध्ये कोइमतूरला दिसली, पपईबरोबर तुती आणि टॅपिओकावरही पसरली, आणि लवकरच महाराष्ट्रातल्या बागांत पोहोचली. फवारण्या थकल्या, तेव्हा बंगळूरच्या कृषी कीटक संस्थेने 2010 मध्ये पोर्टो रिकोहून तिची नैसर्गिक शत्रू असलेली, डोळ्याला जेमतेम दिसणारी एक गांधीलमाशी रीतसर परवान्याने आणवली, विलगवासात ठेवून ती दुसऱ्या कोणत्या उपयुक्त कीटकावर जगत नाही ना याची परीक्षा केली, आणि मगच तिला बागांत सोडले. त्यानंतर काही महिन्यांतच तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्रातील पपईच्या बागा पांढऱ्या पिठातून मोकळ्या होऊ लागल्या.