पोर्ट लुईसमधील मराठी आप्रवासी

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून निघून मॉरिशस बेटाच्या पोर्ट लुईस या राजधानीत उतरलेले मराठी भाषक लोक. १८३४ नंतर मॉरिशसमध्ये आलेल्या सु. साडेचार लाख भारतीय मजुरांपैकी बहुसंख्य कलकत्ता व मद्रास या बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेल्यांचा वाटा अल्प होता. मराठी मजुरांत रत्नागिरी, ठाणे व सातारा या जिल्ह्यांतील लोक होते.

पार्श्वभूमी : फ्रेंचांनी वसविलेले मॉरिशस १८१० मध्ये ब्रिटिशांनी जिंकले. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांना नवे मजूर हवे झाले. भारतातून मजूर नेण्याच्या पद्धतीविरुद्ध तक्रारी झाल्याने ती काही काळ बंद करण्यात आली. १८४२ च्या कायद्यान्वये ती सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली व तिच्यासाठी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ही तीन बंदरे ठरविण्यात आली. मॉरिशसची साखर पश्चिम भारतात येऊ लागल्यावर तिला ‘मोरस’ हे नाव पडले. ती पिकविणाऱ्यांत या भागातील मजूरही होते.

मुंबईचा पृष्ठप्रदेश याच काळात शहराशी जोडला जात होता. १ ऑक्टोबर १८५५ रोजी लोहमार्ग कल्याणहून वाशिंदपर्यंत पोचला आणि १८६० च्या आरंभापर्यंत वाशिंद हेच त्या मार्गावरील शेवटचे स्थानक होते. त्यामुळे शहापूर-मुरबाडकडील माणसाला मुंबई दिवसाभरात गाठणे शक्य झाले. भाताच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या कुळाला शहरातील मजुरी जवळ आली. समुद्रापलीकडे जाणारी जहाजेही याच शहरातून सुटत.

सागरी प्रवास : निघण्यापूर्वी स्थलांतर संरक्षक या अधिकाऱ्यापुढे मजुराची संमती नोंदविली जाई. मुंबई ते पोर्ट लुईस हे अंतर सु. ४,७०० किमी. असून शिडाच्या जहाजाला त्यासाठी काही आठवडे लागत. तांदूळ, डाळ, तूप व पाणी यांचे प्रमाण नियमांनी ठरविलेले असे. समुद्रपर्यटनाने जात जाते ही समजूत आणि परक्या हातचे अन्न या दोन्ही अडचणी पहिल्याच दिवसांत पुढे येत. त्यांहून मोठे भय साथीच्या रोगांचे होते. साथ असलेल्या जहाजावरील लोकांना किनाऱ्यापासून दूर अलग ठेवत. १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवरील अनेक मजूर गॅब्रिएल बेटावर असे अलग ठेवले असता दगावले व त्यामुळे मजुरांची रवानगी काही काळ थांबली.

शहरातील पहिले दिवस : पोर्ट लुईसच्या धक्क्यावर १८४९ मध्ये आप्रवासी केंद्र उभारण्यात आले. पायऱ्या चढून आलेल्या मजुराचे नाव, वडिलांचे नाव, वय, उंची, अंगावरील खुणा, जात, जिल्हा व गाव नोंदवून त्याला क्रमांक दिला जाई. साधारणतः दोन दिवसांत मळेवाल्याशी करार होऊन तो ऊसमळ्याकडे जाई. ज्या शहरासाठी समुद्र ओलांडला, ते त्याला तेवढेच दिसे. पुढे परवाना, तक्रार किंवा परतीचे तिकीट या कामांसाठीच तो तेथे येई.

आरंभीच्या करारांत पुरुषाचा मासिक पगार सु. ५ रुपये व शिधा असा असे. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचे वेतन कापले जाई. परतीच्या मोफत प्रवासाचा हक्क १८५० नंतरच्या काही वर्षांतच काढून घेण्यात आला. करार संपलेल्यांनाही १८६७ च्या वटहुकुमाने छायाचित्रासह ओळखपत्र बाळगणे सक्तीचे केले. ते जवळ नसल्यास भटके म्हणून अटक होई. याच सुमारास हिवतापाच्या साथीत पोर्ट लुईसमध्ये हजारो लोक मरण पावले आणि अनेकांनी शहर सोडून उंचावरील भागाचा आश्रय घेतला. मजुरांच्या गाऱ्हाण्यांचा अर्ज १८७१ मध्ये आदॉल्फ द प्लेव्हिट्झ या मळेवाल्याने पुढे आणला व त्यानंतर शाही आयोगाने चौकशी केली.

स्थायिक जीवन : पुढे मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकावयास काढले, तेव्हा शिल्लक टाकलेल्या मजुरांनी ते घेतले. व्हाक्वा, कास्काव्हेल इ. ठिकाणी मराठी वस्ती स्थिरावली. घराबाहेरची बोली क्रिओल झाली. तथापि गणेशोत्सव आणि कोकणातील जाखडीशी नाते सांगणारे ‘झाकरी’ नृत्य टिकून राहिले. गणेश चतुर्थीस मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते.

नोंदींचे महत्त्व : लेखनिकाने कानाने टिपलेले मजुराचे नाव अनेक घराण्यांत आडनाव झाले, मूळ आडनाव व गावाचा उच्चार मात्र बदलला किंवा लोपला. ज्या नोंदी मजुराला मळ्याशी बांधून ठेवण्यासाठी केल्या गेल्या, त्यांच्याच आधारे आज त्याचे वंशज आपला जिल्हा व गाव शोधतात. या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केल्या असून २०१५ मध्ये यूनेस्कोने त्यांचा ‘जागतिक स्मृती’ सूचीत समावेश केला. पूर्वी ‘कुली घाट’ म्हणून ओळखले जाणारे केंद्र आता ‘आप्रवासी घाट’ या नावाने २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. तेथे २ नोव्हेंबर रोजी पूर्वजांच्या आगमनाचा दिवस पाळण्यात येतो.